जात्याच्या पलीकडं कोण बसलंय? – लक्ष्मीबाई टिळक आणि एक दमलेली आई

(एपिसोडचा लेखी उतारा. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

रात्रीचे पावणेबारा झालेत. परभणीत लाईट आहे, पंखा चालू आहे, दोन्ही लेकरं एकदाची झोपलीयेत. मी कपाटाजवळ बसून हळू आवाजात रेकॉर्ड करतेय, म्हणून आवाज थोडा दबका वाटला तर समजून घ्या. मधेच कुणी रडलं तर तेही समजून घ्या.

आज जरा वेगळा इतिहास. लढाया नाहीत, किल्ले नाहीत. एका आईचा इतिहास आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा माझाही.

आधी माझं सांगते. माझं माहेर जालन्याचं, सासर परभणीचं. आमचं घर ख्रिस्ती. मागच्या वर्षी धाकटं लेकरू झालं. मोठी तीन वर्षांची. नवरा नोकरीला बाहेरगावी, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सकाळी पाचला उठायचं, नळाला पाणी आलं तर भरायचं, डबा, ऑफिस, परत येऊन स्वयंपाक. रात्री धाकट्याचं दोन-दोनदा उठणं. तुमच्यापैकी किती जणींना हे वेगळं सांगायची गरज नाही, मला माहितीये.

एका रविवारी उपासनेत मी बसल्या बसल्या झोपले. चक्क झोपले. संपल्यावर एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, प्रार्थना कमी पडतेय तुझी. विश्वास धर, सगळं हलकं होतं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरी येताना रिक्षात मी रडले. मनात आलं, म्हणजे आता थकणं हासुद्धा माझाच दोष? पुढचे तीन रविवार मी गेलेच नाही.

चौथ्या रविवारी मंडळीतल्या एक आजी घरी आल्या. वय ऐंशीच्या आसपास. बायबल काढलं नाही, प्रार्थनाही केली नाही. धाकट्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तू तासभर पड. मी आहे." मी दोन तास झोपले. उठले तर भांडी घासलेली, आणि ओट्यावर एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

शाळेत त्यातला धडा होता एवढंच आठवत होतं. मग रोज रात्री लेकराला पाजताना दोन-दोन पानं वाचत गेले. त्या वाचनातून हा एपिसोड झालाय.

कोण या लक्ष्मीबाई?

एक गोंधळ आधीच मिटवू. या लोकमान्य टिळकांच्या कुणी नव्हेत. यांचे पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक, पुढचे रेव्हरंड टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेल्या वस्तूसुद्धा धुवून घ्यायच्या. अशा घरातली मुलगी, अकराव्या वर्षी लग्न. लिहायला-वाचायला शिकली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

टिळक माणूस हुशार, कवी, मनानं राजा. पण एका जागी टिकणारा नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळा. घरात काय शिजायचं याची काळजी बायकोनं करायची. शिवाय राग नाकाच्या शेंड्यावर. लक्ष्मीबाईंनी हे सगळं पुस्तकात लिहिलंय, आणि हसत हसत लिहिलंय. नवऱ्याची खोड काढतात, पण त्याला लहान करत नाहीत.

या सगळ्या धावपळीत बाळंतपणं झाली. पहिली मुलं दगावली. मग १८९१ मध्ये दत्तू झाला, तो जगला.

पुढं रेल्वेच्या प्रवासात टिळकांना एका गोऱ्या मिशनरीनं नवा करार हातात दिला. टिळक वाचत गेले, वाद घालत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा सत्तावीसच्या आत. पदरात लहान मुलगा.

धर्म बदलला म्हणजे काय बदललं?

आज आपल्याला वाटतं, नवऱ्याचा धर्म बदलला, बरं मग? पण त्या काळात धर्म बदलणं म्हणजे स्वयंपाकघर तुटणं. कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, यावर सगळं नातंगोतं उभं होतं. बाप्तिस्मा घेतलेला माणूस घरच्यांना मेल्यासारखा. त्याच्या बायकोनं त्याच्याकडं जायचं तर माहेर संपलं. नाही जायचं तर नवरा जिवंत असून नसल्यासारखा.

याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण आहे. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या धाकट्या भावावरून, श्रीपतवरून, कोर्टकचेरी झाली. मुलाला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईत केवढा वाद पेटला! 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूचे होते. हेच नारायण शेषाद्री पुढं निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. तिथं त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी केली. गावकुसाबाहेर ठेवलेली कितीतरी माणसं तिथं आली. मी जालन्याची, म्हणून हे नाव लहानपणापासून कानावर. पण वस्ती का लागली असेल, हे आत्ता आई झाल्यावर कळलं. घरातून तुटलेल्या माणसाला शेजार लागतो. लेकरू घ्यायला कुणीतरी लागतं.

तेव्हा परभणी-जालना हा सगळाच भाग हैदराबाद संस्थानात. मनमाडहून हैदराबादकडं जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी. माहेराहून सासरी मी आजही त्याच मार्गानं येते, फक्त रूळ रुंद झालेत.

आता परत लक्ष्मीबाईंकडं.

पंढरपूरची वर्षं

टिळक ख्रिस्ती झाल्यावर चार वर्षांहून जास्त काळ दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नातलगांकडं राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला.

पंढरपूर म्हटलं की आपल्या परभणीकरांना कोण आठवतं? जनाबाई. गंगाखेडची जनी. गोदाकाठच्या गंगाखेडात जन्मलेली, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिलेली. दळण, कांडण, शेणी वेचणं, पाणी भरणं. सातशे वर्षांपासून आपल्या आयाबाया तिची गोष्ट सांगतात, की जनी दळायला बसली की विठोबा येऊन जात्याला हात लावायचा.

माझ्या शेजारच्या काकू वारकरी आहेत. त्यांनी मला एकदा हे फार सोप्या शब्दांत सांगितलं. म्हणाल्या, "बघ पोरी, देवानं जनीचं जातं काढून नाही घेतलं. तिला महालात नाही नेलं. पलीकडून खुंटा धरला." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

ज्यांनी जातं पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. एकटीनं दळलं की खांदा भरून येतो. समोर दुसरी बसली की दगड तोच, दाणे तेवढेच, पण दळण होतं. गाणंही सुचतं.

पंढरपुरात बसलेल्या लक्ष्मीबाईंना असं पलीकडं कुणी दिसत होतं का? पुस्तकात तरी त्या काळाचं वर्णन अंधाराचंच आहे. प्रकृती ढासळलेली, लोकांचे टोमणे, मुलाची काळजी. त्या काळात त्या कविता करू लागल्या. त्या बाईला बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून कवितेत बसली, असं मला वाटतं.

श्रद्धा आली ती पाण्याच्या घोटातून

पुढं त्या टिळकांकडं अहमदनगरला गेल्या. पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, बरं का. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. नवरा एकीकडं, बायको एकीकडं. आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. इतका तापट माणूस, पण इथं थांबला. हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग बदल कसा झाला? प्रवचन ऐकून नाही. विचार करता करता एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की जात देवानं केलेली नाही, माणसानं केलीये. आणि त्यांनी ठरवलं, यापुढं कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. ज्या घरात साखर-मीठसुद्धा संशयानं बघायचे त्या घरातल्या लेकीनं हे ठरवलं! बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

म्हणजे क्रम बघा. आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी, मग बाप्तिस्मा. मी हे वाचलं तेव्हा मला त्या आजी आठवल्या. त्यांनीही आधी भांडी घासली होती.

त्या सुमारास देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ होता, छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो, १८९९-१९०० चा. टिळकांचा स्वभाव तर सांगितलाच. उघड्यावर पडलेली लेकरं त्यांनी घरी आणायला सुरुवात केली. आणायचे टिळक आणि सांभाळायच्या लक्ष्मीबाई! प्लेग आला तेव्हा घरातल्या मुलांबरोबर त्या छावणीत राहिल्या, आजाऱ्यांचं केलं. पुढं त्यांच्या नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक पोरगाही राहायला आला. तुम्ही त्याला ओळखता. तो म्हणजे बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा वय अठ्ठावीसच्या आत होतं. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

पंडिता रमाबाईंचंही थोडं

याच काळातली दुसरी आई सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पंडिता रमाबाई. नवरा १८८२ मध्ये गेला तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाची सुद्धा नव्हती, जेमतेम होत आली होती. पुढच्या वर्षी लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये आई आणि लेक, दोघींचा बाप्तिस्मा झाला. नंतर शिक्षणासाठी रमाबाई चेल्टनहॅमला गेल्या आणि छोटी मनोरमा वाँटेजच्या सिस्टर्सकडं राहिली. म्हणजे लेकराला दुसऱ्याकडं ठेवून कामाला जाणं ही आजची गोष्ट नाही, मंडळी. पाळणाघराच्या दारात जिचा पाय अडखळतो तिनं हे लक्षात ठेवावं.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग दुष्काळात केडगावला शेकडो निराधार बायका-मुलींना आसरा. शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. लेकीच्या पश्चातले ते महिने त्यांनी कसे काढले असतील? भाषांतराचं काम मात्र पूर्ण करून गेल्या.

विसावा म्हणजे नेमकं काय?

आता माझ्या मूळ प्रश्नावर येते. प्रार्थना केली की सगळं हलकं होतं, हे खरं का?

मत्तयच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशू कष्टानं दमलेल्या, ओझ्यानं वाकलेल्या माणसांना आपल्याकडं बोलावतो, आणि विसाव्याचा शब्द देतो. ख्रिस्ती घरात हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं. आमच्याही फ्रिजवर आहे. पण आपण तिथंच थांबतो. लगेच पुढं तो जू खांद्यावर घ्यायला सांगतो. मला लहानपणापासून हे कोडं होतं. विसावा द्यायचा आणि वर जू? कुठला विसावा हा?

परभणी जिल्ह्यात राहणाऱ्याला जू समजावून सांगावं लागत नाही. ज्वारीच्या, कापसाच्या शेतात आजोबांच्या वेळी पाहिलेलं असतं. आणि आपल्याकडं जू एका बैलाचं नसतं. दोघांचं असतं. नवा बैल शिकवायचा तर जाणत्या बैलाच्या जोडीला देतात. ओढ जाणत्यावर, नवा नुसता चालायला शिकतो.

मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. पाळकसाहेब ऐकत असतील तर चुकलं तर सांगा. पण मला हे असं कळलंय: काम संपेल असं तो म्हणत नाही. एकटीनं ओढायचं नाही, एवढं म्हणतो. काकूंची जनाबाई आणि आजींचा येशू, दोघांचे मार्ग वेगळे, मी त्यांची खिचडी करत नाही. स्वतः टिळक मात्र सांगायचे, की आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत पोचलो. त्यांनी ख्रिस्तावर अभंगच लिहिले. तेव्हा गंगाखेडच्या जात्यावरून मला मत्तयचं जू कळलं, तर त्यात फार नवल नको.

आणि आता जे बोलणार ते थोडं कडू आहे. लक्ष्मीबाईंच्या थकव्यातला बराच भाग देवानं दिलेला नव्हता. तो घरातून आलेला होता. टिळकांचं दातृत्व थोर, पण त्याचा हिशोब बायकोच्या कंबरेवर लिहिला जायचा. बाईनं सोसलं म्हणून तिची श्रद्धा मोठी, असं म्हणून आपण मोकळे झालो, तर आपण तिचं पुस्तक वाचलंच नाही. ती बाई गप्प बसलेली नाही. भांडलीये, रुसलीये, वेगळी राहिलीये, स्वतःच्या डोक्यानं ठरवून परत आलीये. तिची श्रद्धा तिला मुकी करणारी नव्हती. उलट टिळकांच्या मागंच तिचा आवाज खुला झाला. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य तिनं हातात घेतलं. सुरुवातीचे अध्याय त्यांचे, पुढचे ६० हून जास्त हिचे! मुलगा-सून-नातवंडांबरोबर कराचीला राहिली, आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं छापून आली. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. अक्षरओळख लग्नानंतर झालेली बाई, आणि आज मराठीतलं सगळ्यात चांगलं आत्मचरित्र कुठलं म्हटलं की पहिलं नाव तिचं निघतं.

मग माझं काय झालं?

चमत्कार नाही झाला. धाकटा अजून रात्री उठतो.

तीन गोष्टी झाल्या. पहिली, मी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन आठ निघालं. म्हणजे प्रार्थना कमी नव्हती पडत, रक्त कमी पडत होतं! गोळ्या चालू आहेत. जालन्याला आमच्याकडं प्रार्थनाघर आणि मिशनचा दवाखाना दोन्ही आहेत, आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका. सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, लेकरू नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरला सांगा. हे पाप नाही.

दुसरी, मी नवऱ्याला फोनवर स्पष्ट बोलले. "शनिवार-रविवारची रात्र धाकट्याची जबाबदारी तुमची." आधी म्हणाला, "मला जमायचं नाही." मी म्हटलं, "मलाही जमत नव्हतं, शिकले." आता दूध गरम करून पाजतो. पहिल्या रात्री पाच वेळा मला उठवलं, आता एकदाच उठवतो.

तिसरी, उपासनेतल्या आम्ही चार जणींनी पाळी लावलीये. बुधवारी एकीच्या घरी सगळी लेकरं, बाकीच्या तिघी मोकळ्या. दोन तास. कुणी झोपतं, कुणी बाजार करतं. एक जण नुसती गच्चीवर बसते. ज्या बाई मला "विश्वास धर" म्हणाल्या होत्या ना, त्याही येतात. त्यांची सून बाळंत झालीये. परवा त्यांनीच कबूल केलं, "मलाबी माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं गं."

आणि प्रार्थना? करते. पहाटे पाणी भरताना, बादली अर्धी होईपर्यंत. फार मोठी नसते. "आज पलीकडून धर" एवढंच म्हणते. कुणीतरी धरतं, असा माझा अनुभव आहे. कधी तो आजींच्या हातानं धरतो, कधी नवऱ्याच्या, कधी कुणीच दिसत नाही तरी दिवस पार पडतो.

तुमचा धर्म कुठलाही असो, नसो, आज एक करा. घरात, शेजारी, ऑफिसात एखादी आई दमलेली दिसत असेल. तिला उपदेश करू नका. "तासभर पड, मी आहे" म्हणा. आणि खरंच थांबा.

उठला वाटतं धाकटा. आवाज आला ना तुम्हाला? चला, जाते. पुढच्या भागात भेटू. झोपा वेळेवर.